‘कळविले’ आणि ‘कळले’ : नियंत्रण कक्षाविषयीच्या दोन ग्रंथांची चिकित्सा

प्रस्तावना

संकटात सापडलेल्या माणसाची पहिली गाठ पोलिसाशी, डॉक्टरशी किंवा अग्निशमन दलाच्या जवानाशी पडत नाही; ती पडते दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या एका अनोळखी माणसाशी. हाक कोठून आली, कोणी दिली, काय घडले आणि कोणाला पाठवावयाचे, हे त्या माणसाला काही क्षणांत ठरवावे लागते. त्याच्या हातून चूक झाली, तर पुढची सारी यंत्रणा सज्ज असूनही निरुपयोगी ठरते. असे असूनही त्या माणसाची निवड कशी होते, या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. दुर्घटना घडली की ‘हलगर्जीपणा’ हा शब्द वृत्तपत्रांत येतो, चौकशी जाहीर होते, एखाद्याचे निलंबन होते आणि विषय मिटतो.

मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याने या विषयाला दोन ग्रंथ दिले. पहिला विनीता कामटे यांनी पत्रकार विनिता देशमुख यांच्या साहाय्याने लिहिलेला ‘टू द लास्ट बुलेट’ (अमेय प्रकाशन, पुणे, २००९). दुसरा राकेश मारिया यांचे आत्मकथन ‘लेट मी से इट नाऊ’ (२०२०). दोन्ही मूळ इंग्रजीत आहेत. पहिल्याचा मराठी अनुवादही वाचकांपर्यंत पोहोचला आहे. पहिला ग्रंथ नियंत्रण कक्षाकडे बाहेरून पाहतो, दुसरा आतून. प्रस्तुत लेखात या दोन ग्रंथांची चिकित्सा करून, दोहोंच्या वादात मागे राहिलेला नेमणुकीच्या निकषांचा प्रश्न पुढे आणण्याचा आणि बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात तो तपासून पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

दोन ग्रंथ, एक कक्ष

हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी त्या रात्री कामा रुग्णालयालगतच्या रंगभवन गल्लीत मारले गेले. २००९ च्या प्रजासत्ताक दिनी तिघांनाही मरणोत्तर अशोकचक्र प्रदान करण्यात आले. कामटे हे त्यापूर्वी सोलापूरचे पोलीस आयुक्त होते. त्यामुळे सोलापूरला लागून असलेल्या इंदापूर परिसराला त्यांचे नाव परके नव्हते.

विनीता कामटे यांचा ग्रंथ प्रथमदर्शनी चरित्रग्रंथ आहे. पतीचे घराणे, शिक्षण, क्रीडाप्रेम आणि सेवाकाळ यांचे चित्रण त्यात आहे. परंतु ग्रंथाचे खरे बळ त्याच्या शोधक भागात आहे. पूर्व विभागाचे अपर पोलीस आयुक्त असलेले कामटे कामा रुग्णालयापाशी कोणाच्या सांगण्यावरून गेले, या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेना, म्हणून लेखिकेने माहितीच्या अधिकाराखाली नियंत्रण कक्षाच्या नोंदी मागितल्या. प्रथम नकार आला. पाठपुराव्यानंतर नोंदी हाती आल्या. त्या नोंदी वेळेच्या क्रमाने लावून लेखिकेने जे प्रतिपादन केले त्याचे सार असे : कामटे स्वतःहून तेथे गेले नव्हते, करकरे यांनी रात्री साडेअकराच्या सुमारास कामा रुग्णालयास वेढा घालण्यासाठी कुमक मागितली होती, ती पोहोचली नाही, आणि गोळीबारानंतर जखमी अधिकारी सुमारे चाळीस मिनिटे गल्लीत मदतीविना पडून राहिले.

वैयक्तिक शोकाचे रूपांतर दस्तऐवजी शोधात करण्याची ही पद्धत मराठी वाचकाला विशेष वाटावी अशी आहे. लेखिका आक्रोश करीत नाही. ती वेळ मांडते आणि दोन वेळांमधील रिकामी जागा वाचकापुढे ठेवते. मर्यादाही येथेच आहे. शोधाचा रोख उत्तरोत्तर एका वरिष्ठ अधिकाऱ्यावर केंद्रित होत जातो आणि नोंद करणारे, संदेश घेणारे, तो पुढे पाठविणारे कर्मचारी केवळ सावलीसारखे राहतात. शोकग्रस्त पत्नीने हा प्रश्न वरिष्ठालाच विचारावा, हे स्वाभाविक आहे. तथापि व्यवस्थेच्या अभ्यासकाला तेथेच थांबता येत नाही.

मारिया त्या वेळी गुन्हे शाखेचे सहपोलीस आयुक्त होते. नियंत्रण कक्ष हा त्यांचा रोजचा पदभार नव्हता. त्या रात्री आयुक्तांच्या आदेशाने त्यांनी त्याची सूत्रे हाती घेतली. २००९ मध्येच त्यांनी कामटे यांचे आरोप नाकारले होते आणि राज्य शासनही त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. नोंदींच्या प्रतींमधील तफावतीचा वाद पुढे माहिती आयोगापर्यंत गेला. अकरा वर्षांनी आलेले आत्मकथन हे त्यांच्या बाजूचे सविस्तर निवेदन आहे. एकाच वेळी अनेक ठिकाणांहून येणारी, परस्परविसंगत आणि अर्धवट माहिती कक्षावर कशी आदळत होती, याची जाणीव बाहेरच्या वाचकाला या ग्रंथाने होते. मात्र आत्मकथन या वाङ्मयप्रकाराचा दोष त्यालाही लागतो. निवेदक केंद्रस्थानी असल्यामुळे कक्ष हा त्याच्या कर्तृत्वाची पार्श्वभूमी बनतो. जे शिपाई आणि हवालदार कानाला यंत्र लावून बसले होते, ते येथेही निनावीच राहतात.

अशा रीतीने एक ग्रंथ आरोपाचा आणि दुसरा समर्थनाचा. दोन्ही प्रामाणिक असू शकतात. पण दोन्ही मिळून वाद एका व्यक्तीच्या प्रतिष्ठेचा होतो. कोणत्या कसोटीवर कोणी चुकले, हा प्रश्न अनुत्तरित राहतो, कारण मुळात ती कसोटीच समोर नाही.

एकाच रात्रीचे दोन संदेश

या कक्षाचे मूल्यमापन करताना त्याच रात्रीची दुसरी घटना विसरता येणार नाही. रंगभवन गल्लीतील गोळीबारानंतर कसाब आणि अबू इस्माईल पोलिसांचीच क्वालिस गाडी घेऊन निघाले. पुढे ती सोडून त्यांनी स्कोडा गाडी हिसकावली. क्वालिसमध्ये जखमी अवस्थेत जिवंत राहिलेले पोलीस शिपाई अरुण जाधव यांनी बिनतारी यंत्रावरून खबर दिली. स्कोडा गाडीचे वर्णन व दिशा सांगणारा संदेश नियंत्रण कक्षाकडून गेला आणि गिरगाव चौपाटीवर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या पथकाने नाकाबंदी केली. तेथे सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी प्राण देऊन कसाबला जिवंत पकडणे शक्य केले.

कक्ष तोच आणि रात्रही तीच. तरी एक संदेश कृतीत उतरला आणि दुसरा, विनीता कामटे यांच्या मांडणीनुसार, उतरला नाही. हा भेद केवळ माणसांच्या चांगले-वाईटपणाने उलगडत नाही. स्कोडाविषयीच्या संदेशात वस्तू, खूण आणि दिशा होती. ऐकणाऱ्या पथकाला आपण काय करावयाचे हे त्यातच सापडत होते. कुमकेच्या मागणीला मात्र कक्षातील कोणीतरी ‘कोणाला, कोठून, किती, कोणत्या बाजूने’ असे रूप द्यावे लागते, ती पाठवावी लागते आणि पोहोचली की नाही याची खातरजमा करावी लागते. नियंत्रण कक्षाचे खरे कौशल्य या रूपांतरात आहे.

येथे मराठी शासनव्यवहारातील एका शब्दाकडे लक्ष वेधणे अगत्याचे आहे. आपल्या नोंदवह्यांत ‘संबंधितांना कळविले’ हा शेरा सर्रास आढळतो. ‘कळविणे’ हे सांगणाऱ्याचे कर्म; ‘कळणे’ ही ऐकणाऱ्याची अवस्था. ‘कळविले’ अशी नोंद होते, ‘कळले’ अशी होत नाही. संबंधित कोण, त्याला नेमके काय कळले आणि त्याने ते उलट म्हणून दाखविले का, याची जागा नोंदवहीत नसते. आणीबाणीतील बहुतांश हलगर्जीपणा या दोन क्रियापदांमधील अंतरात वावरतो. ‘टू द लास्ट बुलेट’ने नोंदींच्या आधारे नेमके हेच अंतर दाखविले, हे त्या ग्रंथाचे सर्वांत मोठे ऋण होय.

हलगर्जीपणा कशास म्हणावे?

हलगर्जीपणा म्हणजे अपेक्षित दर्जापासून ढळणे. अर्थातच अपेक्षित दर्जा आधी ठरलेला असावा लागतो. जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य या २००५ च्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने व्यावसायिकाच्या हलगर्जीपणाचे दोन प्रकार सांगितले : जे कौशल्य असल्याचे तो मानतो ते त्याच्यापाशी नसणे, किंवा असलेले कौशल्य त्या प्रसंगी वाजवी दक्षतेने न वापरणे. तो निवाडा वैद्यकीय व्यवसायाच्या संदर्भात असला, तरी हा भेद प्रस्तुत विषयाला मार्गदर्शक ठरतो.

दुसऱ्या प्रकारात दोष कर्मचाऱ्याचा. ऑपरेटर डुलकी घेतो, थट्टा समजून फोन ठेवतो, पाळी बदलताना अर्धवट संदेश तसाच सोडून उठतो; अशा वेळी शिक्षा योग्यच. परंतु कौशल्यच नसलेल्या माणसाला त्या खुर्चीवर बसविले असेल, तर चूक त्या माणसाची की त्याला बसविणाऱ्याची? डॉक्टर आपले कौशल्य पदवीने जाहीर करतो. नियंत्रण कक्षातील कर्मचारी असा कोणताही दावा करीत नाही. त्याची बदली होते आणि तो येऊन बसतो. त्याला पदवीधर व्यावसायिकाच्या मापाने मोजणे आणि नेमणूक करणाऱ्या व्यवस्थेला मोकळे सोडणे, हा न्याय नव्हे.

शासनाचे दायित्वही नवे नाही. पश्चिम बंगा खेत मजदूर समिती खटल्यात (१९९६) आणीबाणीच्या उपचारातील दिरंगाई ही जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. कोणत्या रुग्णालयात जागा आहे हे तत्काळ कळावे, यासाठी केंद्रीय संपर्क व्यवस्था उभारावी आणि रुग्णवाहिकांची सोय करावी, असेही त्या निवाड्यात सुचविले होते. संपर्क हा उपचाराचाच भाग आहे, ही दृष्टी त्यातून स्पष्ट होते. मग तो संपर्क साधणारा माणूस अनपेक्षितपणे नेमलेला कसा चालेल?

नेमणुकीचे निकष

महाराष्ट्रातील पोलीस शिपाई भरतीत उंची, छाती, धावणे आणि गोळाफेक पाहिली जाते. लेखी परीक्षेत अंकगणित, सामान्य ज्ञान व चालू घडामोडी, बुद्धिमत्ता चाचणी आणि मराठी व्याकरण हे विषय असतात. चालक पोलीस शिपायाची वाहन चालविण्याची कौशल्य चाचणी स्वतंत्रपणे घेतली जाते, हे उचितच आहे. म्हणजे पोलिसांची गाडी चालविणाऱ्याची परीक्षा होते. ती गाडी कोठे पाठवावयाची हे ठरविणाऱ्याच्या ऐकण्याची मात्र होत नाही. बिनतारी विभागातील तांत्रिक पदांसाठी तांत्रिक शिक्षण पाहिले जाते. पण यंत्र चालविणे निराळे आणि घाबरलेल्या माणसाच्या तुटक बोलण्यातून ठावठिकाणा काढणे निराळे.

परदेशांतील अनुभव येथे उपयोगी पडतो. १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील आगीत पाच स्त्रियांचा मृत्यू झाला. शेजाऱ्याने केलेला फोन टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकला होता. त्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले. त्यातून झालेल्या विचारमंथनाची परिणती ३० जून १९३७ रोजी ९९९ हा क्रमांक सुरू होण्यात झाली. अमेरिकेत ९११ ची सुरुवात १९६८ मध्ये अलाबामातील हेलिव्हिल या लहान गावात झाली आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस सॉल्ट लेक सिटीतील डॉ. जेफ क्लॉसन यांनी फोन घेणाऱ्यासाठी क्रमवार प्रश्नांची पद्धत घालून दिली. तरीही २००८ मध्ये फ्लोरिडा राज्यात अपहृत स्त्रीविषयी एका वाहनचालक महिलेने दिलेली नेमकी माहिती केंद्रात पोहोचली, पण गस्तीवरील गाड्यांना मिळाली नाही; त्या स्त्रीचा खून झाला. त्यानंतर त्या राज्याने अशा कर्मचाऱ्यांसाठी २३२ तासांचे प्रशिक्षण आणि राज्याचे प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे केले.

या तीन अनुभवांतून एक क्रम दिसतो : प्रथम क्रमांक, मग प्रश्नावली आणि शेवटी माणसाची पात्रता. आपण क्रमांकाची पायरी ओलांडली आहे. राज्यात १०८ रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये खासगी भागीदारीतून सुरू झाली, तेव्हा तिच्यात ९३७ रुग्णवाहिका होत्या आणि प्रतिसाद केंद्र पुण्यात औंध येथे होते. पोलीस मदतीसाठी ११२ हा क्रमांक राज्यात २०२१ पासून आला; त्याची मुख्य केंद्रे नवी मुंबई आणि नागपूर येथे आहेत. तेथील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिले जाते. परंतु प्रशिक्षण आणि पात्रतेची जाहीर, तपासता येण्याजोगी कसोटी या दोन भिन्न गोष्टी आहेत.

बारामती-इंदापूरची कसोटी

या केंद्रीकरणाचा अर्थ बारामती व इंदापूर तालुक्यांत काय होतो, हे गावांच्या नावांवरूनच समजते. पूर्वी ठाण्यात फोन उचलणाऱ्या हवालदाराला ‘लोणीजवळ’ एवढे सांगितले तरी पुरत असे. आज पुणे जिल्ह्याबाहेर बसलेल्या कर्मचाऱ्याला ‘लोणी’ असे ऐकू आले, तर ते इंदापूरचे लोणी देवकर, बारामतीचे लोणी भापकर, की हवेलीतील लोणी काळभोर वा लोणी कंद? ‘कळस’ इंदापूर तालुक्यातले, की पुणे शहरात धानोरीजवळचे? ‘माळेगाव’ बारामतीचे, की ऐकण्यात ळचा ल होऊन नाशिक जिल्ह्यातले मालेगाव? ‘भिगवण रोडला’ असे म्हणणारा माणूस बारामती शहरात असू शकतो आणि ‘भिगवणला’ म्हणणारा पुणे-सोलापूर महामार्गावर. त्यातही निम्मी वस्ती गावठाणात नसून मळ्यांत, वाड्यांत आणि फाट्यांवर पसरलेली. तिचा पत्ता म्हणजे कालव्याची चारी, डीपी किंवा एखाद्याच्या उसाचे शेत.

उपग्रहाधारित ठिकाणनिश्चितीने हा प्रश्न सुटेल असे मानले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु दक्षिणेस नीरा आणि उत्तर-पूर्वेस भीमा या नद्या येथे जिल्ह्यांच्या सीमा आहेत. मोबाइलचा मनोरा पलीकडच्या तीरावरचा असू शकतो. २१ मे २०२४ रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी या मार्गावर बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला. कुगाव सोलापूर जिल्ह्यात, कळाशी पुणे जिल्ह्यात. अशा ठिकाणाहून हाक आली तर ‘जिल्हा कोणता?’ या प्रश्नाचे उत्तर पाण्यात बुडणारा माणूस देऊ शकत नाही. ते ऐकणाऱ्यालाच ठाऊक असावे लागते आणि दोन्ही तीरांना एकाच वेळी सांगावे लागते. ऑगस्ट २०२३ मध्ये इंदापूर तालुक्यातील म्हसोबाचीवाडी येथे विहिरीचे काम सुरू असताना चार मजूर ढिगाऱ्याखाली गाडले गेले. अशा प्रसंगी पोलीस, रुग्णवाहिका आणि माती उपसणारे यंत्र या तिन्हींची गरज एकाच वेळी असते. कोणती आधी, हे ठरविणे म्हणजेच ते कौशल्य होय. या दोन्ही दुर्घटनांत नियंत्रण कक्ष चुकला असे येथे सुचवावयाचे नाही. या भागातील हाक कशी असते, एवढेच त्यांवरून ध्यानात घ्यावे.

निकष कडक केले तर ग्रामीण उमेदवार मागे पडतील, असा आक्षेप संभवतो. निकष म्हणजे इंग्रजी संभाषण आणि संगणकाची पदविका असे मानले, तर आक्षेप रास्त आहे. परंतु येथे अपेक्षित निकष वेगळे आहेत : गोंगाटातील ध्वनिमुद्रित हाक ऐकून ठिकाण व स्वरूप लिहिणे, नामसाधर्म्य असलेल्या गावांत उलट प्रश्न विचारून नेमके गाव ठरविणे, संदेश घेणाऱ्याकडून तो परत म्हणवून घेणे, पाळी संपताना अपूर्ण हाकांचा ताबा नावानिशी देणे. या कसोटीवर निमगाव केतकीची किंवा लासुर्ण्याची, परिसराची बोली जाणणारी मुलगी शहरी पदवीधरापेक्षा सरस ठरू शकेल. निकषांचा हेतू वगळणे हा नसून, योग्य माणूस योग्य खुर्चीवर बसविणे हा आहे.

महाविद्यालयांचाही येथे संबंध येतो. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारे तरुण आपल्याच वर्गांतून जातात. भाषा विभाग त्यांना व्याकरण शिकवतो. ऐकून नेमके टिपणे, संक्षेपाने सांगणे आणि खातरजमा करणे हेही भाषिक कौशल्यच आहे. भूगोल विभागाला तालुक्यातील वाड्या, फाटे आणि स्थानिक नावांची सूची तयार करणे अवघड नाही. अशी सूची संबंधित कक्षांच्या उपयोगी पडू शकेल.

निष्कर्ष

१. ‘टू द लास्ट बुलेट’ने नियंत्रण कक्षाची नोंद हा सार्वजनिक चिकित्सेचा विषय केला, ‘लेट मी से इट नाऊ’ने त्या कक्षावरील ताण आतून दाखविला. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचले पाहिजेत. मात्र त्यांतील वाद व्यक्तिकेंद्री राहिल्याने निकषांचा प्रश्न मागे पडला.

२. लिखित दर्जा नसताना केलेला हलगर्जीपणाचा आरोप एकतर कनिष्ठाचा बळी घेतो किंवा वरिष्ठांच्या मानापमानाचे भांडण बनतो. त्यातून पुढच्या हाकेचे भले होत नाही.

३. कौशल्य न वापरल्याचा दोष कर्मचाऱ्याचा. कौशल्य न पाहता नेमल्याचा दोष नेमणूक करणाऱ्याचा. सेवा खासगी संस्थेकडे सोपविली असली, तरी करारात श्रवणचाचणी, प्रमाणपत्र आणि ध्वनिमुद्रणांची नियतकालिक तपासणी यांचा समावेश करण्याची जबाबदारी शासनाचीच राहते.

४. या कर्मचाऱ्यांचे कामाचे तास, विश्रांती, खोट्या फोनचा त्रास आणि मानसिक ताण यांचा विचार न करता केवळ निकष वाढविणे अन्यायाचे ठरेल. पात्रता मागावयाची तर त्या पदाला प्रतिष्ठा आणि वेतनही द्यावे लागेल.

कसाबला २०१० मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी पुण्यातील येरवडा कारागृहात ती अमलात आली. गुन्हेगाराचा न्याय झाला. कामा रुग्णालयापाशी मागितलेली कुमक का आली नाही, या प्रश्नावर मात्र आजही दोन ग्रंथ दोन भिन्न उत्तरे देतात. लोणी देवकरच्या फाट्यावरून उद्या रात्री येणाऱ्या हाकेच्या बाबतीत तसे होऊ नये, यासाठी नोंदवहीत ‘कळविले’च्या पुढे आणखी एक रकाना असावा : कोणाला कळले, आणि किती वाजता.